‘डेअरीत दूध पास होतं, पण मधूनच वास येतो’

वाचकाचं पत्र

आमचं गाव रायगड जिल्ह्यात, रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीला लागून. घरी सहा म्हशी, दोन गायी. गुरं ओढ्यावर पाणी पितात, म्हशी तिथंच डुंबतात. दिवाळीपासून अधूनमधून दुधाला औषधासारखा वास येतो, दोन-चार दिवसांनी आपोआप जातो. यंदा दोन म्हशी गाभडल्या. शेजारच्या गोठ्यातही तेच. संकलन केंद्रावर मात्र दूध रोज पास होतं, फॅटही चांगलं लागतं. शहरातल्या एका लॅबला ‘दुधात केमिकल आहे का बघा’ म्हटलं, तर त्यांनी ‘कुठलं केमिकल?’ असं उलट विचारलं. गावात निम्मे लोक म्हणतात, तपासू नका, बोभाटा झाला तर गावचं दूध कोण घेईल? घरात दीड वर्षाचा नातू आहे, तो हेच दूध पितो. मी काय करू?

(पत्र लिहिणाऱ्या ताईंच्या विनंतीवरून नाव-गाव गाळलं आहे.)

उत्तर

ताई, नमस्कार.

आधी नातवाचं. तपासण्या, अर्ज, कारखाने हे महिनोन्महिने चालणारं काम आहे, आणि पोराच्या पेल्यात दूध रोज सकाळी पडतं. म्हणून नीट उलगडा होईपर्यंत त्याला दुसरीकडचं दूध द्या. दारात दुभती म्हैस असताना पिशवीचं दूध विकत आणायचं हे किती जिवावर येतं ते मला कळतं, तरीही द्या. घरात कुणी म्हणेल, चांगलं उकळून घेतलं की झालं. उकळल्यानं जंतू मरतात आणि वासाची उडून जाणारी द्रव्यं थोडीफार कमी होतात. शिसं उकळून जात नाही. कचरा जाळल्यावर तयार होणारं डायॉक्सिन हे विषही जात नाही. दूध आटवलं तर जे आहे ते उलट दाट होतं. आणि चरबीत विरघळणारी द्रव्यं सायीबरोबर वर येतात, तिथून लोण्यात आणि तुपात उतरतात. तेव्हा ‘दूध नको, पण भातावर घरचं तूप घालते’ असंही सध्या करू नका.

दुसरं आजच करायचं काम म्हणजे गुरं ओढ्यावरून हलवा. अहवालाची वाट बघू नका. नळाचं नाहीतर वसाहतीपासून लांबच्या विहिरीचं पाणी हौदात भरा. ओढ्याकाठची विहीर असेल तर ती ओढ्याचंच पाणी झिरपून भरत असेल, तिच्यावर विसंबू नका. म्हशींचं डुंबणं बंद केलं की त्या उन्हाळ्यात त्रास देतील, दूध थोडं कमी होईल. त्यांच्या अंगावर पाणी मारा, सावली करा. ओढ्यात बसलेल्या म्हशीची कास आणि सड त्या पाण्यात भिजतात आणि धार काढताना ते पाणी किटलीत येतं, एवढं लक्षात घेतलं तरी हा बदल किती गरजेचा आहे ते पटेल. वैरणीचंही तसंच. ओढ्याच्या पाण्यावर वाढलेलं किंवा कुंपणालगत कापलेलं गवत सध्या बंद.

गोठ्यात एकदा फिरून निळी पिंपं बघा. भंगारवाल्याकडून स्वस्तात मिळतात म्हणून पाण्याला, पेंड भिजवायला, कधी कधी तर ताक साठवायला लोक तीच वापरतात. ती पिंपं कारखान्यांतून येतात. कितीही धुतली तरी आत जे भरलेलं होतं ते प्लास्टिकमध्ये मुरलेलं असतं आणि पाण्यात पुन्हा हळूहळू सुटतं. पिंपाच्या पोटावर जुन्या लेबलाचे तुकडे राहिलेत का बघा, फोटो काढा आणि ती पिंपं गोठ्याबाहेर काढा. अनेकदा ओढ्याच्याही आधी दोष इथे सापडतो.

आता म्हशी गाभडल्या त्याबद्दल. कारखान्यावर जाण्याआधी ब्रुसेलोसिसची, म्हणजे गुरांत गर्भपात घडवणाऱ्या संसर्गजन्य रोगाची, तपासणी करून घ्या. एका गावात, शेजारशेजारच्या गोठ्यांत म्हशी गाभडायला लागल्या की सगळ्यात आधी याच रोगाचा संशय घ्यायचा असतो. पशुवैद्यकीय दवाखान्यातून रक्ताचे नमुने पाठवता येतात आणि पुण्याला औंधमध्ये पशुसंवर्धन खात्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे. पुढे कुठली म्हैस गाभडलीच, तर गर्भ आणि वार उघड्या हातानं उचलू नका, कुत्र्यांना खाऊ देऊ नका, डॉक्टरांना बोलावून नमुना घ्यायला लावा. हा रोग माणसाला होतो. घरात कुणाला चढउताराचा ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी असं रेंगाळत असेल, तर आपल्या डॉक्टरला गोठ्यातली ही हकीकत मुद्दाम सांगा. चार ते आठ महिन्यांच्या माद्या वासरांना आणि पारड्यांना सरकारी योजनेतून याची लस मिळते, ती राहिली असेल तर द्या. मी हे कारखान्याला वाचवायला सांगत नाही. उद्या तुम्ही तक्रार घेऊन उभ्या राहिलात की समोरचा पहिलं वाक्य हेच म्हणणार आहे, ‘तुमच्या गुरांना रोग आहे.’ तेव्हा हातात अहवाल असू द्या.

वासाचंही असंच चाळून घ्यावं लागतं. नुकत्याच व्यायलेल्या, जास्त दूध देणाऱ्या जनावराला कीटोसिस (अंगातली चरबी जास्त वापरली गेल्यानं होणारा आजार) झाला की दुधाला आणि श्वासाला नेलपॉलिश पुसायच्या द्रवासारखा गोडसर वास येतो. लोक त्यालाच केमिकल समजतात. गोठ्यात फिनेल टाकलं, कॅन धुऊन नीट खळबळले नाहीत, सडाला आयोडीनचं औषध लावलं, डिझेलचा डबा दुधाशेजारी ठेवला, तरी वास धरतो. हे सगळं बाजूला काढल्यावरही वास उरला, एकाच दिवशी तो दोन्ही गोठ्यांत आला आणि सगळ्या जनावरांच्या दुधात आला, तर मात्र तो हवेतून किंवा पाण्यातून आलेला असण्याची शक्यता दाट होते. उडणारी द्रावकं, म्हणजे कारखान्यात इतर रसायनं विरघळवायला वापरतात ते द्रव, जनावराच्या श्वासातून रक्तात आणि रक्तातून काही तासांत दुधात उतरतात आणि हवा बदलली की निघूनही जातात. तुमच्याकडे दोन-चार दिवसांत वास जातो, हे या चित्राशी जुळतं.

पण ताई, वास हे विषाचं माप नव्हे. ज्या गोष्टींची मला जास्त धास्ती वाटते त्यांना वास नसतो, चव नसते, रंग नसतो. आणि संकलन केंद्राचं यंत्र त्यांच्यासाठी बनलेलंच नाही. ते फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) बघतं, पाणी, युरिया, साखर, डिटर्जंट अशी भेसळ पकडतं. दर ठरवण्यासाठी आणि लबाडी पकडण्यासाठी तेवढं पुरतं. किलोमागे ०.०२ मिलिग्रॅम ही कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांतली दुधातल्या शिशाची मर्यादा आहे. त्या मर्यादेच्या दहापट शिसं असलेलं दूधही केंद्रावर पूर्ण दरानं पास होईल आणि त्यात केंद्रावरच्या मुलाचा काही दोष नसेल. शिवाय तुमचं दूध बल्क कूलरमध्ये साऱ्या गावाच्या दुधात मिसळतं. तिथून घेतलेल्या नमुन्यात दोन गोठ्यांचा प्रश्न विरून जातो. देशभराची पाहणी झाली तरी तिथे हीच अडचण असते. एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, २०१८ मध्ये १,१०३ शहरांतून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले, बहुतेक दूध सुरक्षित निघालं, ही दिलाशाची गोष्ट आहे. पण एका कुंपणालगतच्या गोठ्याला त्या आकड्यातून काहीच कळत नाही. जाता जाता, त्याच पाहणीत ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ हे विष मर्यादेबाहेर होतं, आणि ते येतं बुरशी लागलेल्या पेंडीतून. पावसाळ्यात सरकी पेंडीची पोती जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवत असाल तर ती आधी फळीवर घ्या.

आता लॅबनं विचारलेला प्रश्न. तो उद्धटपणाचा नव्हता, योग्य होता. ‘केमिकल आहे का बघा’ म्हणणं म्हणजे दवाखान्यात जाऊन ‘मला जो असेल तो रोग शोधा’ म्हणण्यासारखं आहे. प्रत्येक द्रव्याची तपासणी वेगळी, यंत्र वेगळं, बाटली वेगळी, खर्च वेगळा. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की सगळी द्रव्यं दुधात उतरतच नाहीत. काय कुठे शोधायचं हे कळलं नाही तर पैसे जातात, वर ‘आढळले नाही’ असा कागद हातात येतो आणि तो कागद पुढची अनेक वर्षं तुमच्याच विरुद्ध वापरला जातो. म्हणून हा भाग जरा सविस्तर लिहिते.

फ्लोराइडपासून सुरू करते. फॉस्फेट खतं, अॅल्युमिनियम, वीटभट्ट्या यांच्या धुरातून ते गवतावर बसतं. दुधात ते फार थोडं येतं, हाडांत आणि दातांत साठतं. म्हणून फ्लोराइडचा संशय असेल तर दुधावर पैसे घालू नका, जनावराचं तोंड उघडा. गुरांना पुढचे दात खालच्याच जबड्यात असतात. या परिसरात लहानाची मोठी झालेली, नुकती दोन दाती किंवा चार दाती झालेली (पुढचे पक्के दात दोन किंवा चार आलेली) कालवड नाहीतर पारडी घ्या, खालचा ओठ अंगठ्यानं खाली ओढा आणि उजेडात बघा. निरोगी दात पांढरा, गुळगुळीत, ओल्या चिनीमातीसारखा चमकतो. फ्लोराइडनं बाधलेल्या दातावर खडूसारखे निस्तेज पट्टे, तपकिरी डाग, खाचा दिसतात आणि डाव्या-उजव्या दातांवर त्या जवळपास सारख्याच असतात. बाजारातून आणलेल्या मोठ्या म्हशीत हे दिसणार नाही, कारण तिचे दात दुसऱ्या गावात तयार झाले. असे डाग दिसले, जोडीला जनावर लंगडत असेल, तर लघवीची आणि पाण्याची फ्लोराइड तपासणी करून घ्या.

शिशाचं वेगळं. ते थोडं असतं तेव्हा दुधात कमी येतं, पण रक्तात वाढलं की दुधातही वाढतं. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शिसं-जस्त, अॅल्युमिनियम आणि पोलाद कारखान्यांभोवतीच्या दुभत्या गायींचं रक्त आणि दूध दोन्ही तपासलं होतं. ते काम २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. रक्तातलं शिसं मिलिलिटरला ०.२० मायक्रोग्रॅमच्या पुढे गेलं की दुधातलं शिसं त्याच्या प्रमाणात वाढत जातं, असं त्यांना दिसलं. म्हणून शिशासाठी दुधाबरोबर रक्तही घ्या. वसाहतीत बॅटरीचं काम, रंगाचं काम, धातू वितळवण्याचं काम असेल तर ही तपासणी आधी. कॅडमियम मात्र दुधात जेमतेम येतं. ते यकृतात आणि मूत्रपिंडात बसतं. दुधात कॅडमियम सापडलं नाही यावरून जनावर सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही.

डायॉक्सिनसाठी मात्र दुधासारखा दुसरा साक्षीदार नाही. क्लोरीन असलेला कचरा, प्लास्टिक, तारांचं आवरण अर्धवट जाळलं की ते तयार होतं, धुरातून गवतावर बसतं आणि जनावर चरताना ते गोळा करतं. उन्हाळ्यात गवत खुरटलेलं असलं की त्यासोबत मातीही पोटात जाते. ते सगळं दुधाच्या चरबीत जमा होतं. त्याचं माप चरबीच्या दर ग्रॅममागे पिकोग्रॅममध्ये करतात, म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. १९८९ मध्ये नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमजवळच्या लिकेबार्ट भागात गायींच्या दुधात डायॉक्सिन मर्यादेबाहेर सापडलं आणि माग काढत लोक कचरा जाळणाऱ्या मोठ्या भट्टीपर्यंत पोचले. १९९१ मध्ये इंग्लंडात डर्बीशरमधल्या बोलसोव्हर गावी रासायनिक कारखान्याजवळच्या गोठ्यांतलं दूध असंच विक्रीतून थांबवावं लागलं. या दोन्ही ठिकाणी कुणी बाजारातली पिशवी तपासली नव्हती. धुराच्या उगमाभोवतीचे गोठे निवडून, एकेका गोठ्याचं दूध वेगळं घेऊन बघितलं, म्हणून सापडलं. आणि म्हैसवाल्यांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट २००८ ची: इटलीच्या कांपानिया भागात म्हशींच्या दुधात डायॉक्सिन निघालं आणि त्या दुधाचं मोझरेला चीज काही देशांनी घेणं थांबवलं. तिथे बेकायदा टाकलेला आणि जाळलेला कचरा हा मोठा संशयित होता. तुमच्या वसाहतीमागेही रात्री कचरा पेटत असेल, भंगारवाले तांब्यासाठी तारा जाळत असतील, तर तिकडेही बघा. दोष नेहमी मोठ्या धुराड्याचाच असतो असं नाही.

पीफास हे आणखी एक. न चिकटणारे तवे, अग्निशामक फेस, पाणी न लागणारं कापड यांत वापरली जाणारी फ्लोरीनयुक्त द्रव्यं. ही चरबीत न जाता प्रथिनांना धरून राहतात, निसर्गात सहजी मोडत नाहीत. अमेरिकेतल्या मेन राज्यात अरुंडेल इथल्या एका गोठ्याच्या दुधात ती २०१६ मध्ये सापडली. सांडपाणी केंद्रातला गाळ खत म्हणून शेतात पसरला होता, तो गवतातून गायीत आणि गायीतून दुधात आला. पुढे त्या राज्यानं पीएफओएस या पीफासपैकी एका द्रव्यासाठी दुधात लिटरला २१० नॅनोग्रॅम, त्यापुढे कारवाई, अशी मर्यादा ठरवली आणि २०२२ मध्ये तसा गाळ शेतात टाकायलाच बंदी केली. आपल्याकडेही हा विषय लांबचा राहिलेला नाही. इटलीत विचेंझाजवळ त्रिस्सिनो इथल्या मितेनी या कारखान्यानं साडेतीन लाखांच्या आसपास लोकांचं पाणी या द्रव्यांनी दूषित केलं, २०१८ मध्ये तो दिवाळखोरीत गेला, २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयानं अधिकाऱ्यांना तुरुंगवासाच्या शिक्षा सुनावल्या, आणि त्या कारखान्यातली यंत्रसामग्री लिलावातून आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आली. यंत्र आलं म्हणजे प्रदूषणही आलंच, असा याचा अर्थ मी काढत नाही. पण कोकणातल्या गोठ्यांनी पीफास हे नाव ओळखीचं करून घ्यायची वेळ आली आहे. तुमच्यापुरतं इतकंच: सामूहिक सांडपाणी केंद्रातला वाळलेला गाळ कुणी ‘फुकट खत’ म्हणून टाकून देत असेल तर घेऊ नका.

मग यातलं तुमच्या गावी काय शोधायचं? ते कारखान्यांच्या कागदात लिहिलेलं असतं. प्रत्येक कारखान्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं. काय बनवायचं, किती टन बनवायचं, किती सांडपाणी सोडायचं, कुठला घातक कचरा निघतो, हे त्यात असतं. मंडळाच्या संकेतस्थळावर बरीच संमतीपत्रं मिळतात. नाही मिळालं तर माहिती अधिकारात मागा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात मोघम ‘प्रदूषणाची माहिती’ मागू नका. कारखान्याचं नाव लिहून चालू संमतीपत्र, गेल्या तीन वर्षांचं पर्यावरण विवरणपत्र म्हणजे फॉर्म ५, घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण, आणि सामूहिक केंद्राच्या आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या पाण्याचे अहवाल, एवढं मागा. गावातल्या रसायनशास्त्र शिकलेल्या पोरांना त्या यादीसमोर बसवा. असं पोरगं आज प्रत्येक गावात आहे, आणि बऱ्याचदा त्याच वसाहतीत कामाला आहे. त्याचं नाव मात्र कुठल्याही अर्जावर येऊ देऊ नका.

लॅब निवडताना नुसती एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता पुरत नाही. ती मान्यता ‘दुधातलं शिसं’ या नेमक्या तपासणीसाठी आहे का, ते मान्यतेच्या यादीत बघा. दुसरा प्रश्न विचारा: तुमचं यंत्र कमीत कमी किती मोजू शकतं? मर्यादा ०.०२ असताना लॅबला ०.१ च्या खालचं मोजताच येत नसेल, तर ‘आढळले नाही’ या शब्दांना काडीची किंमत नाही. हे उत्तर लेखी घ्या. गुजरातेत आणंदला राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची काफ नावाची प्रयोगशाळा आहे, दूध आणि पशुखाद्य हाच तिचा विषय. तिथे विचारून बघा. विहिरीच्या पाण्यासाठी जिल्ह्यातली भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा जवळ पडेल.

नमुना घेताना घाई नको. धारेच्या सुरुवातीचं दूध पातळ असतं, शेवटच्या धारेत चरबी जास्त येते. म्हणून पहिली चार धार बाटलीत धरून दिली तर चरबीतलं द्रव्य कमी दिसेल. एका जनावराची पूर्ण धार काढा, स्वच्छ स्टीलच्या भांड्यात डावानं वरखाली ढवळा आणि मग बाटली भरा. बाटल्या लॅबकडूनच मागवा. धातूंसाठी धुतलेली प्लास्टिकची लागते, डायॉक्सिनसाठी गडद काचेची, आणि द्रावकांच्या तपासणीसाठी बाटली अगदी काठोकाठ, आत बुडबुडा न राहील अशी भरावी लागते, नाहीतर जे शोधायचं तेच वर उडून जातं. बाटलीवर पेनानं तारीख, वेळ, जनावराचा टॅग नंबर, लगेच बर्फात. घरच्या जुन्या लोणच्याच्या किंवा औषधाच्या बाटलीत भरलेला नमुना मी तरी मानणार नाही, कोर्ट तर नाहीच नाही. त्याच दिवशी पाण्याचा, वैरणीचा आणि पेंडीचाही नमुना घ्या, आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला दहा-पंधरा किलोमीटरवर असलेल्या एखाद्या गोठ्यातलं दूधही. तो लांबचा गोठा तुमच्यासारखीच पेंड वापरणारा असेल तर उत्तम. त्याच्याशिवाय तुमच्या आकड्याला अर्थ लागत नाही.

एकदाच तपासून थांबू नका. आपल्याकडे पावसाळ्यात वारा समुद्राकडून येतो, थंडीत रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, आणि थंडीच्या पहाटे धूर वर न जाता सखल भागात बसून राहतो. पावसात ओढा वाहता असतो, उन्हाळ्यात त्यात जे उरतं ते बहुतेक सांडपाणीच. म्हणून निदान उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशा तीन वेळा तरी नमुने हवेत. परवडत नसेल तर द्रव्यं कमी करा, वेळा कमी करू नका. आणि रोजची वही ठेवा. पाठकोरी वही चालेल. दूध किती, वास कुठल्या जनावराच्या दुधाला, सकाळी की संध्याकाळी, वारा कुठून, ओढ्याला फेस होता का, रंग कुठला, पेंडीचं नवं पोतं कधी फोडलं, कुठलं जनावर आजारी. वास आला त्या दिवशीच्या पानावर शेजाऱ्यांच्या दोन सह्या घ्या. अहवाल महाग असतात आणि कधीतरी येतात, वही रोज बोलते.

आता गावातल्या त्या निम्म्या माणसांचं. त्यांना मूर्ख म्हणू नका. दुधाचा दहा दिवसांचा पगार हा किती घरांचा किराणा आहे हे त्यांना ठाऊक आहे म्हणूनच ती घाबरतात. त्यांना सोबत घ्यायची एक वाट आहे. एकट्यानं तपासू नका, वसाहतीपासून कमी-जास्त अंतरावरचे सहा-सात गोठे मिळून तपासा आणि बाटल्यांवर नावाऐवजी आकडे टाका. कुठला आकडा कुणाचा, ही चिठ्ठी बंद पाकिटात गावानं मान्य केलेल्या एका माणसाकडे ठेवा. खर्च वाटला जातो, कुणा एकाचं नाव पुढे येत नाही, आणि अंतराप्रमाणे आकडे कमी होत गेले तर तोच मोठा पुरावा ठरतो. दूध संघाच्या संकलन अधिकाऱ्यालाही आधीच सांगा. संघाला अचानक वर्तमानपत्रातून कळलं तर तो सगळ्या गावाचं दूध बंद करेल, आधी कळलं तर एखाद्या गोठ्याचं दूध वेगळं काढून बाकीचं चालू ठेवता येतं.

पण एक स्पष्ट सांगते. एखाद्या गोठ्याचा आकडा मर्यादेबाहेर आला तर ते पाकीट उघडावं लागेल आणि त्या गोठ्याचं दूध थांबवावं लागेल. माहीत असून असुरक्षित दूध विकणं हा अन्नसुरक्षा कायद्यानं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी आपल्या नातवाला जे देत नाही ते दुसऱ्याच्या नातवाला घालता येत नाही. ते दूध वासरांनाही पाजू नका. ज्याचं दूध थांबेल त्या घराला बाकीच्यांनी सावरायचं, हे नमुने घेण्याआधीच ग्रामसभेत ठरवून घ्या, मागाहून कुणी तयार होत नाही. थांबलेलं दूध कायमचं थांबत नाही. स्वच्छ पाणी, बाहेरची वैरण दिली की आकडे उतरतात. डायॉक्सिन निम्मं व्हायला साधारण दीड-दोन महिने लागतात, उडणारी द्रावकं काही दिवसांत जातात. वास येईल त्या दिवशीचं दूध मात्र अहवाल असो नसो, केंद्रावर घालू नका.

सरकारी बाजूनं दोन दारं आहेत. दुधासाठी अन्न व औषध प्रशासन, ओढ्यासाठी आणि धुरासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय. तुम्ही घेतलेला नमुना चौकशी सुरू करायला उपयोगी पडतो, पण जल कायद्याखाली कारखान्यावर खटला उभा राहायचा तर मंडळाच्या अधिकाऱ्यानं कलम २१ प्रमाणे, दोन भाग करून, मोहोर लावून घेतलेला नमुना लागतो. म्हणून तक्रारीत ‘कारवाई करा’ एवढंच लिहू नका. ‘अमुक ठिकाणचा, रात्री अमुक वेळेच्या सुमाराचा नमुना कलम २१ प्रमाणे घ्या, पंचनामा करा’ असं लिहा आणि पोच घ्या. फेस रात्री येतो आणि अधिकारी दुपारी येतात, ही जुनी तक्रार आहे. वहीतल्या नोंदी दाखवून वेळ मागितली तर ती नाकारणं त्यांना अवघड जातं. नुकसानभरपाईसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. त्यासाठी कारण घडल्यापासून पाच वर्षांत अर्ज करता येतो. म्हणून गाभडलेल्या म्हशींचे दवाखान्याचे कागद, विकत आणलेल्या वैरणीच्या पावत्या, थांबवलेल्या दुधाचा हिशोब, काही फेकू नका.

तेव्हा ताई, या आठवड्यात पाणी बदला, पिंपं काढा, ब्रुसेलोसिससाठी रक्त पाठवा आणि माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दुधाच्या महागड्या तपासण्या लगेच करू नका. संमतीपत्रं हाती आली की त्यांतली उत्पादनांची आणि घातक कचऱ्याची पानं फोटो काढून मला पाठवा, सोबत वहीची पहिली महिनाभराची पानं. कुठल्या दोन-तीन तपासण्यांवर गावाचे पैसे घालायचे, ते ती यादी बघून मी तुम्हाला कळवते.